मदत हवी आहे: डोकं आणि दाढी, दोन्हीला चालेल असा मऊ ब्रश कोणता घ्यावा?

बोअरचंपाणी

नमस्कार. दाढी रोज आणि डोक्याचा चकोट दिवसाआड. दोन्हींसाठी एकच ब्रश घ्यायचा आहे.

सध्याच्या ब्रशवर 'नॅचरल ब्रिसल' एवढंच छापलेलं आहे. झुपका बुडाशी २० मिमी, मुठीच्या वर केसांची उंची ५६ मिमी. वापर तीन आठवडे. गळ्यावर आणि कानामागे टोचतो. रेझर लागायच्या आधीच, नुसता फेस करतानाच तिथे लाल होतं. डोक्यावर उलटा प्रकार: केस एका बाजूला लोळतात आणि टाळूपर्यंत पोचेस्तोवर फेस संपतो. ट्यूबमधलं क्रीम, वाटी न वापरता थेट चेहऱ्यावरच फेस. पाणी बोअरचं, नळावर पांढरे थर धरतात.

विचारायचं ते असं: कृत्रिम धाग्याचा घ्यावा की बॅजर या प्राण्याच्या केसांचा? माप काय असावं? आणि 'मऊ' म्हणून विकला जाणारा ब्रश खरंच मऊ आहे हे दुकानात कसं ओळखायचं?

वाटीआणिफेस

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी ती सुटी करू.

ब्रशचा मऊपणा दोन ठिकाणी असतो. एक टोकाचा, म्हणजे केसाचं शेवटचं टोक कातडीला कसं लागतं तो. दुसरा कण्याचा, म्हणजे झुपका दाबला की किती सहज वाकतो तो. तुमच्या ब्रशचं टोक राठ आहे आणि कणा लेचापेचा. पाहिजे ते नेमकं उलट: टोक मऊ, कणा ताठ. 'मऊ ब्रश' मागितला की दुकानदार बहुतेक वेळा लेचापेचाच काढून देतो. चेहऱ्यावर तो एक वेळ चालून जातो, डोक्यावर अजिबात नाही. एका दिवसाचे खुंट चांगले दाट असतात. लोळणारा झुपका त्यांत अडकतो, तुम्ही हात आणखी दाबता, आणि मग टोकांऐवजी केसांची कूस घासली जाते.

कणा ठरतो तीन गोष्टींवर: झुपक्याची जाडी, मुठीच्या वरची उंची आणि केसांची दाटी. २० मिमी जाडीला ५६ मिमी उंची फार झाली. दोन्ही कामांसाठी २४ मिमी झुपका आणि ५० ते ५२ मिमी उंची घ्या. त्याच २४ मिमीला ४८ च्या खाली गेलात तर गळ्यावर खुपेल, ५६ च्या वर गेलात तर पुन्हा लोळेल. २६ किंवा २८ मिमी डोक्यावर छान वाटतो, पण नाकाखाली आणि ओठाच्या कडेला मावत नाही, फेस नाकपुडीत जातो.

आकार: वर पंख्यासारखा पसरलेला झुपका डोक्यावर एका फेऱ्यात जास्त जागा व्यापतो. बल्बसारखा गोलसर झुपका चेहऱ्यावर नेमका चालतो. दोन्हींच्या मधला, किंचित चपटा गोल मिळाला तर तोच उचला.

आता केस कोणते. तुमची गरज पाहता माझं मत सरळ आहे: कृत्रिम धाग्याचा, नव्या पिढीचा. 'प्लिसॉफ्ट' किंवा 'टक्सीडो' नावाने झुपके मिळतात. टक्सीडो म्हणजे काळा धागा, पांढरं टोक. म्यूले या जर्मन कंपनीचा 'सिल्व्हरटिप फायबर' हाही याच जातीचा, तो १९, २१, २३ आणि २५ मिमी अशा मापांत येतो. त्यातला २३ किंवा २५ बघा. हे धागे टोकाकडे निमुळते होत जातात म्हणून टोचत नाहीत. भिजवत बसावं लागत नाही, 'रुळायला' वेळ लागत नाही. जुन्या पद्धतीचा नायलॉन ब्रश मात्र टाळा, त्याचा धागा शेवटापर्यंत एकाच जाडीचा असतो.

आयाळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त डुकराच्या केसांवर (तुमचा 'नॅचरल ब्रिसल' म्हणजे तेच) थोडा अन्याय होतोय.

तीन आठवडे म्हणजे तो ब्रश अजून रुळतोय. डुकराच्या केसाचं टोक वापराने दुभंगतं, एकाची दोन-तीन बारीक टोकं होतात, आणि तेव्हा तो मऊ पडतो. त्याला वेळ लागतो. शिवाय दर वेळी हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटं भिजवावा लागतो. कोरडा किंवा नुसता ओला करून लावला तर टोचणारच. मात्र २० ला ५६ हे माप भिजवून सुधारणार नाही, म्हणून डोक्यासाठी तो बादच. दाढीपुरता ठेवा.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा: 'ब्रिसल' म्हणजे डुकराचे केस. नुसतं 'नॅचरल ब्रिसल' लिहिलं असेल तर तेच समजायचं. ज्यांना धर्मामुळे किंवा आहारविचारामुळे ते चालत नाही, त्यांनी हे आधी विचारून घ्यावं. घोड्याच्या आयाळीचा आणि शेपटीचा मिळून केलेला ब्रश डुकरापेक्षा मऊ असतो, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. पण पहिले काही दिवस वास येतो.

बॅजरमध्ये 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' अशा प्रती सांगतात. त्यांचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एकाचा 'सुपर' दुसऱ्याच्या 'बेस्ट'पेक्षा राठ निघू शकतो. संवेदनशील कातडीला 'प्युअर' तर बिलकुल नको, तो टोचतो. चांगला सिल्व्हरटिप खरोखर मऊ असतो, पण त्या पैशात कृत्रिम धाग्याचे तीन-चार चांगले ब्रश येतात.

भिंगवाला

दुकानात तपासायचं ते असं.

कोरडा ब्रश उजेडाकडे धरा आणि टोकांची कड बघा. निमुळती टोकं असतील तर कड धुरकट, पुसट दिसते. कात्रीने छाटून आकार दिलेला असेल तर कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट रेघ दिसते. घड्याळजीचं साधं भिंग असेल तर छाटलेल्या धाग्याचं टोक सपाट, खिळ्याच्या डोक्यासारखं दिसेल. हीच टोकं गळ्यावर ओरखडतात, आणि महिनोन्‌महिने वापरूनही मऊ होत नाहीत.

मग मनगटाच्या आतल्या बाजूला टोकं उभी टेकवा आणि हलकेच गोल फिरवा. कृत्रिम धागा आणि बॅजर यांची परीक्षा अशी कोरडी होते. डुकराच्या केसाची होत नाही, तो भिजल्यावरच कळतो. त्यानंतर झुपका तळहातावर अर्ध्या उंचीपर्यंत दाबून सोडा. लगेच उभा राहिला तर कणा ठीक. शेवटी दोन बोटांनी हलकं ओढून पाहा. एक-दोन केस आले तर हरकत नाही, बुडाशी हलत असेल तर डिंक नीट बसलेला नाही.

बॅजर म्हणून दिलेला ब्रश कृत्रिम धाग्याचा तर नाही ना अशी शंका असेल तर गळालेला एक केस चिमट्यात धरून काडीने पेटवा. खरा केस जळका वास देतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

क्षारमुक्त

ब्रशवर सगळे बोलले, पाण्यावर कोणीच नाही. बोअरचं पाणी हा तुमच्या त्रासाचा निम्मा भाग असण्याची शक्यता आहे.

साबणातली मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधली जातात आणि न विरघळणारा पांढरा साका होतो. म्हणजे क्रीमचा काही भाग फेस होण्याआधीच वाया जातो. फेस पातळ, कोरडा, पटकन बसणारा होतो, आणि तो उभा करायला तुम्ही ब्रश जास्त वेळ घासता. कातडी लाल होते ती त्या घासण्याने. तोच साका झुपक्याच्या बुडाशी साठतो आणि महिन्या-दोन महिन्यांत मऊ ब्रशही राठ वाटू लागतो.

उपाय सोपा आहे: अर्धा कप आरओचं पाणी. ब्रश त्यातच भिजवा, फेसालाही तेच वापरा. तोंड धुवायला नळाचं चालेल. पाणी उकळून फायदा अर्धवटच होतो, कारण उकळल्याने क्षारांचा एकच भाग खाली बसतो.

साठलेला साका काढायला पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दहा भाग. कृत्रिम ब्रश पाच मिनिटं, प्राण्यांच्या केसांचा दोन मिनिटंच. मग थोडा शाम्पू लावून धुवा. हे महिन्यातून एकदा पुरे.

बोअरचंपाणी

खूप आभार. पाण्याकडे लक्षच गेलं नव्हतं. कृत्रिम २४/५० नक्की करतो. आता दोन शंका: डोक्यासाठी क्रीम किती घ्यायचं? आणि कृत्रिम ब्रशने फेस उडतो, थेंब आरशावर जातात असं वाचलं, ते खरं का?

वाटीआणिफेस

उडतो, कारण धागा पाणी धरून ठेवत नाही. भिजवून दोनदा जोरात झटका, ओलसर राहील इतकाच ठेवा. दाढीला बदामाएवढं क्रीम, डोकं आणि दाढी मिळून दोन बदाम. डोकं करायचं त्या दिवशी थेट कातडीवर फेस करू नका, वाटी घ्या. वाटीत ३० ते ४० सेकंद फिरवा, मग पाणी अर्धा-अर्धा चमचा, असं तीन ते चार वेळा. फेस दह्यासारखा चकचकीत दिसला की थांबा. बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, टोकं कातडीवर ओढल्यासारखी वाटली तर कमी.

डोक्यावर गोल फिरवू नका, भिंत रंगवतो तसं पुढे-मागे. गोल फिरवल्याने दाट खुंटात टोकं गुंततात, विशेषतः भोवऱ्यापाशी. कानामागे आणि गळ्यावर फक्त वरून खाली, हात न दाबता. पंखा बंद ठेवा. अर्ध्या डोक्याला लावून तेवढं उरका, मग उरलेलं. सगळ्या डोक्याला एकदम लावलं तर मागचा फेस वाळतो.

खाडीकाठ

कोकणात, मुंबईत किंवा कुठल्याही दमट जागी असाल तर कृत्रिमच्या बाजूने आणखी एक कारण. पावसाळ्यात डुकराचा किंवा बॅजरचा झुपका बुडाशी एका दिवसात वाळत नाही. रोज वापरला तर कुबट वास येतो, पुढे काळे ठिपके पडतात. कृत्रिम काही तासांत वाळतो. उभा ठेवा की उलटा टांगा, याने फरक पडत नाही. मोकळी हवा लागते. न्हाणीघराच्या बंद कपाटात ठेवू नका. प्रवासात ओला ब्रश झाकणाच्या नळीत घालावाच लागला तर पोचल्याबरोबर बाहेर काढा.

पिळू नका, मुठीत दाबून पाणी काढा. उकळतं पाणी नको, डिंक सुटतो. झुपका वाटीत ठेचल्यासारखा दाबला तर मधोमध खळगा पडतो आणि तो भरून येत नाही.

आयाळ

स्वस्तात मिळतो म्हणून चोरबाजारातला जुना ब्रश घेणाऱ्यांसाठी: मूठ घ्या, केस नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स हा जनावरांकडून माणसाला होणारा जीवघेणा रोग पसरला होता, आणि ब्रिटनने १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली होती. जुना झुपका काढून मुठीतल्या खाचेत नवा कृत्रिम झुपका इपॉक्सी डिंकाने बसवता येतो. २४ मिमीच्या झुपक्याला खाच त्याहून साधारण अर्धा मिमी जास्त रुंद लागते. आधी डिंक न लावता बसवून उंची मोजा, कमी-जास्त वाटली तर खाचेत वॉशर घाला किंवा ती थोडी खोल करा, मगच चिकटवा. चोवीस तास हात लावू नका.

भिंगवाला

एक राहिलं. टाळूवर पुळ्या किंवा गजकर्णाची चकती दिसली तर ती बरी होईपर्यंत ब्रश बंद, क्रीम हाताने लावा. नाहीतर तोच ब्रश ते डोक्यावरून दाढीत नेतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि बरं झाल्यावर नवा ब्रश घ्या. घरात दोघांनी एक ब्रश वापरू नये, ते याचसाठी.

बोअरचंपाणी

टक्सीडो २४ मिमी, ५१ उंचीचा मागवला आहे. आला की आधी उजेडात टोकं बघतो, आणि पहिले चार दिवस आरओच्या पाण्यावर फक्त दाढीला लावून गळा लाल होतो का ते इथे लिहितो.