66 चे 62 झाले: विदर्भातली गावं रिकामी होण्याला जबाबदार कोण?

काळी_माती
2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाचे आमदार 66 वरून 62 झाले आणि खासदार 11 वरून 10. आधार 2001 च्या जनगणनेचा. माणसं पुणे-मुंबईच्या पट्ट्यात वाढली, जागाही तिकडेच गेल्या. पोरगं पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यात गेलं की गावातलं घर बंद होतं, आणि सोबत विधानसभेतलं वजनही कमी होतं. वजन कमी म्हणजे निधी कमी, निधी कमी म्हणजे आणखी पोरं बाहेर. पुढच्या पुनर्रचनेत हेच पुन्हा होईल, ही माझी खरी भीती आहे.

हे आपोआप झालेलं नाही. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, 3186 कोटी काढला, त्यात सर्वात मोठा वाटा विदर्भाचा होता. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला मंजुरी 1983 ची, खर्च 372 कोटी, भूमिपूजन एप्रिल 1988 चं, भिजणार अडीच लाख हेक्टर. आज खर्च हजारो कोटींत गेला आणि काम बाकीच आहे. अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. याला धोरण नाही तर काय म्हणायचं?

वैनगंगा_काठ
काळी_माती, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. वसंतराव नाईक विदर्भातल्या पुसदचे. 1963 ते 1975, अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. त्यांच्या आधी कन्नमवार, पुढे सुधाकरराव नाईक, मग फडणवीस. मुंबईने दार लावून घेतलं, असं किती दिवस म्हणायचं? जागा घटण्यात आपल्याकडे जन्मदर उतरल्याचाही भाग आहे, सगळं स्थलांतरावर टाकू नका.

घरचं दुखणं जिल्हा बँकांचं आहे. नागपूर, वर्धा, बुलढाणा, तिन्ही बँका मोडकळीला आल्या त्या इथल्याच संचालकांच्या हातात असताना. त्याचा गावावर काय परिणाम होतो ते बघा. जिल्हा बँक पैसे देते गावच्या सेवा सोसायटीला, गटसचिव यादी करतो, शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं. बँक बसली की सोसायटी बसते. मग राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत सातबारा, आठ-अ, बाकी नसल्याचे दाखले घेऊन फेऱ्या. पैसा लागतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, हातात पडतो जुलैत. तोवर बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार. व्याज वेगळं लिहीत नाहीत, भावातच धरलेलं असतं. आणि उधारी ज्याची, कापूस त्याच्याच काट्यावर. दिवाळीला घरात रोकड उरत नाही, म्हणून दिवाळीनंतर घर सुटतं.

पऱ्हाटी
वैनगंगा भाऊ, बँकेचं तुमचं खरं हाय. पण कर्ज भेटलं तरी भाव कुठं भेटते? 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याले 7710, लांब धाग्याले 8110. सीसीआयचं, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचं, गणित असं: ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत टक्क्यामागं कपात, त्याच्या वर गाडी वापस. ऑक्टोबरचं पाणी खाल्लेला पहिल्या वेच्याचा कापूस 12 च्या खाली येतच नाई. दोन-तीन दिवस उनात घालाले लागते, अन् दोन खोल्यांच्या घरात पाच क्विंटल कापूस वाळवाले जागा कुठून आणाची? म्हणून खेडा खरेदीवाल्याले, गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याले, देतात, पडेल त्या भावात. त्यातच 2025 च्या ऑगस्टात कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, ऐन हंगामाच्या तोंडावर. हे तर जिल्हा बँकेनं नाई केलं ना?

धुऱ्यावरचा
एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली. गाव सोडणारा जमीन विकत नाही, मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला, देतो. मक्त्याचे पैसे आधी मोजून घेतो. सातबारा मात्र त्याच्याच नावावर. म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही. सीसीआयला कापूस द्यायचा तर ई-पीक पाहणीतली नोंद, नोंदणी आणि आधार जोडलेलं खातं लागतं, तेही मालकाचं. म्हणजे पैसा पुण्यातल्या खात्यात जातो आणि परत येण्याची हमी तोंडी. अतिवृष्टीच्या मदतीचं तसंच. जो गावात राहून कसतो त्याच्यापर्यंत एकही योजना पोचत नाही आणि दोन-तीन हंगामांत तोही निघतो. कायदेशीर भाडेकरार नोंदवायला मालक तयार होत नाही, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. कूळ कायद्याची ती भीती घालवणारा साधा, हंगामापुरता करार सरकारने आणायला हवा. विकास मंडळ चालू की बंद, यापेक्षा मला हे तातडीचं वाटतं.

काळी_माती
धुऱ्यावरचा, हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, माझ्या मांडणीत तो यायला हवा होता. पण वैनगंगा, मुख्यमंत्री कुठला होता यावर पाणी ठरत नाही. धरणात पाणी साठलं की सिंचन झालं असं कागदावर दिसतं. पाणी मुख्य कालवा, शाखा, वितरिका, लघुवितरिका आणि शेवटी पाटचारी, म्हणजे वावरापर्यंतची छोटी चारी, असं उतरतं. पाटचारीचं भूसंपादन रखडलं की वरचं सगळं वाया. काळ्या जमिनीत माती फुगते-आकसते, भराव नीट दाबला नाही तर कालव्याच्या अस्तराचं काँक्रीट तडकतं आणि पाणी शेवटच्या वावरापर्यंत जात नाही. कंत्राट देणारे, तपासणारे सरकारीच होते.

वैनगंगा_काठ
तडकलेल्या अस्तराचा दोष सरकारचाच, तो मी झाकत नाही. पण जिथे पाटचारी झाली आहे तिथे पाणी वापर संस्था का उभ्या नाहीत? 2005 च्या कायद्याने पाणी मोजून घ्यायचा हक्क संस्थेला दिला. रब्बीसाठी नमुना 7 चा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज वेळेत गेला नाही तर शाखा अभियंत्याच्या कागदावर मागणी शून्य दिसते आणि पाण्याची पाळी सुटत नाही. लाभक्षेत्रातल्या किती गावांनी यंदा अर्ज भरले, ते इथे लिहा.

धुऱ्यावरचा
त्या अर्जावरही सही सातबारावाल्याचीच लागते, वैनगंगा. तो चाकणला आहे.