मोठी क्रूझ घ्यावी की लहान? आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय, मदत हवी आहे

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. दिवाळीच्या सुट्टीत क्रूझ करायचं चाललंय. एजंटने दोन पर्याय दिलेत, एक मोठं जहाज आणि एक लहान. घरात दोन तट पडलेत. मोठ्यावर जत्रा असते म्हणतात, लहान फार हलतं म्हणतात. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय, जो तो आपण गेलो तेच जहाज भारी म्हणतो. एजंटने भाव सहा वाजेपर्यंत धरून ठेवलाय. ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा प्लीज. मोठी की लहान, एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.

तर्री_पाव
मोठी.
(एका शब्दात मागितलं, दिलं.)

खिडकीची_सीट
अहो पण कुठून कुठे? किती जण? लहान मुलं आहेत का? ही माहिती न देता विचारलंत तर लोक अंदाजपंचे दाहोदरसे सांगणार.

गंगापूररोडकर
सहा जण. मोठं सिंगापूरहून पेनांग-फुकेतला आहे, लहान मुंबईहून लक्षद्वीपला. बजेटचं आमचं आम्ही बघतो, तो प्रश्न नाही. प्रश्न फक्त जहाजाचा आहे.

नांगर_उचला
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून राहवत नाही. मुंबईहून दिवाळीत म्हणजे बहुधा कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. ते १९९० सालचं जहाज आहे, आधी अमेरिकी कंपनीकडे होतं. ४८,५६३ ग्रॉस टनेज, अकरा डेक म्हणजे मजले, लांबी दोनशे मीटरच्या वर. याला लहान म्हणायचं ते फक्त शेजारी कोण उभं आहे त्यावर. सिंगापूरहून जेंटिंग ड्रीम असेल तर ते १,५०,६९५ टनेज आणि ३३५ मीटर. आणि २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३. पूर्ण भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी.
ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे ते. एजंट लोक "दीड लाख टनाचं आहे, हलणारच नाही" असं ठोकून देतात, म्हणून सांगितलं.

अवांतरवाला
अवांतर: टायटॅनिकचं टनेज ४६,३२८ होतं. म्हणजे एजंटचं "लहान" जहाज टायटॅनिकपेक्षा किंचित मोठंच भरतं.

भटकी_आजी
शुभ बोल रे नाऱ्या! बाई घरच्यांना घेऊन निघालीय आणि तू टायटॅनिक काय काढतोस.

अवांतरवाला
आजी, आकाराबद्दल बोलतोय, शेवटाबद्दल नाही :)

हिशेबनीस
बजेट हा प्रश्न नाही म्हणालात तरी लिहितो. जाहिरातीतल्या भावात पोर्ट चार्जेस आहेत का बघा. ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, माणशी, दर रात्रीची, मुलांचीही लागते. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, बंदरावर उतरून फिरायचं तर ते वेगळं. मोठ्या जहाजावर पैसे काढायच्या जागा जास्त, कारण दुकानं, कसिनो, खास रेस्टॉरंट सगळं हाताशी. परदेशी पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर रक्कम अडकतेच. एजंटकडून सगळं धरून सहा जणांचा एकच आकडा लेखी घ्या.

गंगापूररोडकर
धन्यवाद, पण हे मी विचारलंच नव्हतं. जहाज हलतं का, एवढंच सांगा ना. आमच्या ह्यांना कसारा घाटात सुद्धा लागतं. पुढच्या सीटवर बसूनसुद्धा.

तर्री_पाव
मग मोठीच. प्रश्न मिटला. मोठ्यावर आपण समुद्रात आहोत हेच कळत नाही.

नांगर_उचला
इतकं सोपं नाही ते. जहाजाच्या पोटाशी दोन्ही अंगांना पाती असतात, स्टॅबिलायझर. ती डावी-उजवीकडची डोल बरीच मारतात. पण समोरून लाट आली की नाक वर-खाली होतं, त्याला त्यांचा फारसा इलाज नाही. तिथे जहाजाची लांबी कामी येते, म्हणून मोठ्याला फायदा आहे हे खरं. पण त्याहून मोठा फरक पाण्याचा. सिंगापूर ते पेनांग-फुकेत हा रस्ता मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलायाचा किनारा, दोन्हीकडून आडोसा. तिथे बहुतेक वेळा पाणी शांत. मुंबईहून लक्षद्वीपला जाताना अरबी समुद्र उघडा. दिवाळीच्या सुमारास बहुतेकदा बरा असतो, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचाही काळ आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं, २०१७ मध्ये ओखी तर लक्षद्वीपवरूनच गेलं. वादळ असलं तर कंपनी मार्ग बदलते, घाबरायचं कारण नाही, पण बेत फिसकटू शकतो.
जहाजापेक्षा आधी मार्ग बघा. आणि केबिन मधोमध, शक्य तितक्या खालच्या डेकवरची घ्या. ज्याला लागतं त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनी म्हणजे जास्त पैसे देऊन त्रास विकत घेणं.

गंगापूररोडकर
एजंट नेमकी तीच बाल्कनी गळ्यात मारतोय. "मॅडम, व्ह्यू बघा".

भटकी_आजी
आल्याच्या वड्या ने गं सोबत. निघायच्या आधीपासून चघळायला दे. आमच्या ह्यांना त्यानेच बरं वाटायचं.

खिडकीची_सीट
आलं वगैरे ठीक आहे, पण एव्होमिन मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर उपयोग कमी. झोप येते तिने. घरात वयस्कर कोणी असेल आणि बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सहा जणांत ज्येष्ठ आहेत का कोणी?

गंगापूररोडकर
हो, सासू-सासरे आहेत. म्हणून तर विचारतेय! मुलं दोन, नववी आणि चौथी. सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात, जिना टाळतात.

खिडकीची_सीट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं ताई.

गंगाप्रवाही
ज्येष्ठ आहेत ना, मग समुद्र हवाच कशाला? नदीवरची क्रूझ करा. खरं लहान जहाज तिथे बघायला मिळतं. गंगा विलासवर फक्त ३६ प्रवासी. २०२३ च्या जानेवारीत ते वाराणसीहून दिब्रुगडला निघालं होतं, ५१ दिवसांचा प्रवास. ब्रह्मपुत्रेवरही अशी जहाजं आहेत. लाट नाही, गर्दी नाही, काठावरची गावं दिसतात, उतरून देवळं बघायची. एकदा ते केलं की सिंगापूरचा तो तरंगता मॉल नकोसा वाटतो.

तर्री_पाव
चौथीतल्या पोराला ५१ दिवस काठावरची देवळं दाखवा, मग तो मोठा होऊन तुमच्यावर धागा काढेल.

गंगाप्रवाही
कमी दिवसांचे टप्पेही असतात. सगळ्यांना पाण्याच्या घसरगुंड्याच लागतात असं नाही.

तर्री_पाव
चौथीतल्यांना लागतात.

निफाडचा_द्राक्षवाला
आम्हाला दिवाळीत कुठं जाणं होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग सोडून हलता येत नाही, रोज फवारणीचं बघावं लागतं. बाग उतरल्यावर उन्हाळ्यात क्रूझ चालते का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

नांगर_उचला
एप्रिल-मे मध्ये मुंबईहून चालते. पावसाळ्यात अरबी समुद्रात अर्थ नाही.

पाय_जमिनीवर
गंगापूररोडकर, सासऱ्यांच्या गुडघ्यावरून सांगते, नीट वाचा. आम्ही लक्षद्वीपच्या फेरीला होतो, सोबत आई. तिथे एवढं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज लांब समुद्रात थांबतं आणि लहान बोटीने बेटावर नेतात. जहाजाच्या कुशीत खाली एक दार उघडतं, तिथून लोखंडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या टोकाशी बोट. ती बोट एका जागी राहत नाही. आत्ता पायरीच्या बरोबरीला, पुढच्या क्षणी हातभर खाली. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, बोट वर आली की "चलो" म्हणतात, त्या क्षणी पाय टाकायचा. विचार करत थांबलात तर ती पुन्हा खाली गेलेली असते. आईची काठी त्यांनी आधीच काढून दुसऱ्याच्या हातात दिली. उतरली बिचारी, पण परत चढताना रडकुंडीला आली. बेट सुंदर आहे, पाण्याचा रंग बघून डोळे निवतात, पण ज्यांना पाय उचलून टाकता येत नाही त्यांनी दिवसभर जहाजावरच बसायची तयारी ठेवायची.

तर्री_पाव
बघा, मी म्हणत होतो मोठी घ्या.

पाय_जमिनीवर
मोठ्यालाही हा प्रकार चुकत नाही हो. उलट जहाज जितकं मोठं तितकी लहान बंदरं त्याला कमी मिळतात. फुकेतला मोठी जहाजं बऱ्याचदा खाडीत नांगर टाकतात आणि बोटीनेच नेतात. पेनांगला मात्र जहाज थेट धक्क्याला लागतं, उतरलं की जॉर्जटाउन समोर. एजंटला प्रत्येक बंदराचं नाव घेऊन विचारा, धक्का की बोट.

खिडकीची_सीट
आणि मोठ्या जहाजावरचं चालणं विसरू नका. ३३५ मीटर लांब जहाज, केबिन एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसातून तीनदा ती रपेट. लिफ्ट भरपूर असतात, पण बंदरावर उतरायच्या वेळी तिथेच चेंगराचेंगरी. केबिन लिफ्टजवळची मागा, अगदी समोरची नको, आवाज येतो. व्हीलचेअर आधीच नोंदवा. ऐनवेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

भटकी_आजी
जेवणाचं मी सांगते. दोन्हीकडे जैन जेवण मिळतं, पण बुकिंग करतानाच लिहून द्यायचं. आणि एकादशी-बिकादशी असेल तर राजगिऱ्याचे लाडू घरून न्यायचे. ते बाहेरचं खाणं चढवू देत नाहीत असं म्हणतात, सुक्या खाऊला आम्हाला कोणी अडवलं नाही.

मनमाडी
मुंबईहून असेल तर एक सांगतो. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडवरून सकाळी सुटते, सीएसएमटीहून बॅलार्ड पियर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीने जवळच. पण जहाज कोणासाठी थांबत नाही, चेक-इन निघायच्या बरंच आधी बंद होतं. घाटात गाडी रखडली की संपलं. आदल्या दिवशी मुंबई गाठा.

अवांतरवाला
इगतपुरीवरून समृद्धी पूर्ण झालाय, घाटाचं काय घेऊन बसलात. ह्यांचं लागणंही वाचेल.

मनमाडी
समृद्धी आमण्यापर्यंत. तिथून पुढे भिवंडी-ठाण्याच्या रांगेत उभे राहा, मग बोला.

सिडकोतला_एक
रस्त्यांचा विषय निघालाच आहे तर, कुंभमेळ्याच्या कामांनी २०२७ पर्यंत नाशिकमधून बाहेर पडणं हीच एक सफर आहे. आमच्या चौकात तर

खिडकीची_सीट
कुंभाचा वेगळा धागा आहे, तिकडे लिहा. ताई, पासपोर्ट सगळ्यांचे आहेत ना? किती मुदत उरली आहे?

गंगापूररोडकर
आहेत की. एक मिनिट, बघून येते.

गंगापूररोडकर
बाबांचा मार्चमध्ये संपतोय. चालेल ना? आपण तर नोव्हेंबरातच परत येतो.

खिडकीची_सीट
नाही चालणार. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने मुदत लागते. आधी नवा पासपोर्ट, मग सिंगापूरचा व्हिसा. तोही मल्टिपल एन्ट्री हवा, कारण जहाज सिंगापूर सोडून बाहेर जातं आणि परत तिथेच येतं. मुंबईच्या फेरीला पासपोर्टचा प्रश्न नाही, आधार चालतं. लक्षद्वीपला मात्र परवाना लागतो.

हिशेबनीस
म्हणूनच म्हणत होतो, पैसे भरायची घाई नको. रद्द केलं तर किती कापणार ते आधी विचारा. आणि सिंगापूर केलंत तर ज्येष्ठांचा प्रवास विमा घ्याच, गुडघ्याचं ऑपरेशन न लपवता लिहून. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल हॉटेलच्या बिलाला लाजवतं.

गंगापूररोडकर
एजंट यातलं एक अक्षर बोलला नाही. आत्ता फोन केला तर म्हणे "मॅडम, पासपोर्ट होऊन जातो". आणि लक्षद्वीपला बोटीने उतरायचं का विचारलं तर "छोटीशी बोट राइड आहे, मजा येते".

पाय_जमिनीवर
मजा येते त्याला.

नांगर_उचला
ताई, त्याच जहाजाची नुसती मुंबई-गोवा फेरी आहे का विचारा. गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, उतरायला रॅम्प. दोन-तीन रात्रींचा खेळ, ह्यांना लागलंच तर लवकर जमिनीवर. मुलांना पोहण्याचा तलाव आहे, संध्याकाळी कार्यक्रम असतात. सगळ्यांना समुद्र मानवतो का ते कळेल. सिंगापूर पुढच्या वर्षी बाबांच्या नव्या पासपोर्टवर करा.

तर्री_पाव
गोव्याला ट्रेनने जा की मग. जहाज म्हणजे मोठंच. आपल्याला ते दोन रात्रींचं प्रकरण पटत नाही.

गंगाप्रवाही
पहिल्यांदाच तर्री_पाव यांच्याशी अर्धा सहमत.

गंगापूररोडकर
साडेपाच वाजलेत. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या गोवा चालेल, फक्त बाबांना जिना नको. ह्यांचं तोंड पडलंय, ऑफिसात सिंगापूर सांगून बसलेत. सिंगापूर नाही म्हणून एजंटला कळवतेय आणि गोव्याच्या फेरीचा भाव मागतेय. मधोमध, खालच्या डेकवर, लिफ्टजवळ, व्हीलचेअर, जैन जेवण. अजून काय लिहू? पटकन.

हिशेबनीस
ग्रॅच्युइटी आणि पोर्ट चार्जेस धरून एकूण आकडा. लेखी.

खिडकीची_सीट
खिडकी असलेली केबिन मागताना समोर लाइफबोट आडवी येते का तेही विचारा. खालच्या डेकवर कधी कधी खिडकीतून नुसती लाइफबोटच दिसते.

निफाडचा_द्राक्षवाला
ताई, भाव आला की इथं टाका. नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मे महिन्यातलं पण विचारून ठेवा जमलं तर, आम्ही आठ जण.