लेन्सवर बोटाचा ठसा आणि पाण्याचे डाग, कशाने पुसू?

धूसर_फ्रेम:
कॅमेऱ्याच्या लेन्सवर पुढच्या काचेला बोटाचा ठसा लागलाय, चांगला तेलकट, आणि बाजूला पाण्याचे थेंब वाळून गोल डाग राहिलेत. टीशर्टने पुसायला हात शिवशिवतायत पण काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, जाईल म्हणून थांबलोय. काच पुसायचा घरातला स्प्रे चालेल का? मागच्या काचेवरही एक ठिपका दिसतोय, त्याचं काय करू?

काचकाम:
टीशर्ट अजिबात नको. कापड मऊ असेल हो, पण काचेवर बसलेली धूळ मऊ नसते, तिच्यात क्वार्ट्‌झचे कण असतात, ते काचेपेक्षा कडक, त्यामुळे पुसतापुसता तेच घासले जातात आणि ओरखडे पडतात. आधी लेन्सचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने हवा मारा. मग मऊ ब्रश फिरवा, त्याच्या केसांना बोट लावू नका, नाहीतर बोटाचं तेल परत काचेवरच येणार. एवढं झालं की मगच ओलं काम. लेन्स क्लीनिंग लिक्विडचे एकदोन थेंब मायक्रोफायबर कापडावर घ्या, थेट काचेवर नाही, कडेच्या रिंगमधून आत उतरतं ते. मधून कडेकडे गोल फिरवत जा, दाब न देता. पहिल्या फेरीत ठसा पसरतो आणि तेलाचे रंग दिसतात, तिथे लोक घाबरून जोरात घासतात. तसं करू नका, कापडाची कोरी बाजू घेऊन परत हलका हात फिरवा, जातो. घरातला स्प्रे नकोच, बऱ्याचदा त्यात अमोनिया असतो.

सावलीवाला:
पाण्याच्या डागाला नुसतं अल्कोहोलवालं लेन्स लिक्विड पुरत नाही, ते पाण्यातले क्षार असतात. थोडं डिस्टिल्ड वॉटर कापडावर घेऊन आधी ते भिजू द्या. मी तर तोंडाची वाफ सोडूनच भागवतो.

काचकाम:
वाफ ठीक आहे, पण धूळ उडवायला फुंकर मारू नका, थुंकी उडते आणि नवे डाग पडतात. कॅनमधली हवा वापरणार असाल तर डबा उभाच धरा, तिरका झाला की आतलं गार द्रव बाहेर येतं. आणि अ‍ॅसिटोन लांब ठेवा, प्लास्टिक विरघळतं त्याने.

धूसर_फ्रेम:
कापड मशीनला धुतलेलं आहे, चालेल ना?

सावलीवाला:
सॉफ्टनर घातला असेल तर नको, त्याचा थर राहतो आणि काचेवर ओघळ दिसतात. मागच्या ठिपक्याला आधी फक्त ब्लोअर. मागची काच सेन्सरच्या (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) जवळ, त्यामुळे तिथला डाग फोटोत जास्त नडतो, पुढच्या काचेवरची बारीक धूळ सहसा दिसतसुद्धा नाही. ठिपका हललाच नाही तर टॉर्च लावून तिरकं बघा, काचेच्या आत असेल तर पुसून जाणार नाही. जाळीसारखे धागे दिसले तर बुरशी, मग दुरुस्तीवाल्याकडेच द्या, स्वतः उघडू नका.

धूसर_फ्रेम:
ठसा गेला, पाण्याचे डागही बहुतेक निघाले. ठिपका आतलाच निघाला, धागे नाहीत, फोटोत येत नाही. राहू दे मग.