इसबगोलने रक्त थांबलं होतं, आता परत दिसलं

सुईदोरा:
वय ४७, बार्शीत ब्लाउज शिवते. सकाळी दहा ते रात्री आठ मशीनवर. लग्नसराईत सारखं उठायला नको म्हणून पाणीही कमी पिते. श्रावणापासून खडा होत होता, कुंथावं लागायचं. दिवाळीच्या तोंडावर भांड्यात लालभडक थेंब दिसले. आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर खाल्ली होती, वाटलं त्याचाच रंग. दुसऱ्या दिवशी बीट नव्हतं, तरी थेंब होतेच. दुखत मात्र काहीच नव्हतं.

जाऊबाई म्हणाल्या, "मूळव्याध असणार, इसबगोल घे." मग रात्री दोन चमचे इसबगोल, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, दुपारी एक पेरू. पहिले चार दिवस पोट टम्म. नंतर सगळं सुरळीत झालं, दीड महिना रक्ताचा टिपूस नाही.

गेल्या सोमवारी परत आलं. पोट मऊ साफ होत असताना. आणि या वेळी वरून थेंब नाहीत, मळातच मिसळलेलं, काळपट लाल. माझ्या वडिलांना ५२व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला होता. सोमवारपासून झोप नाही. फायबर अजून वाढवू का? इथले डॉक्टर पुरुष आहेत, जायला पाय उचलत नाही.

माळकरी:
ताई, इसबगोल किती पाण्यात घेता? मी अर्ध्या कपात कालवून घ्यायचो, आणखीच घट्ट व्हायचं. ते पाणी ओढून फुगतं, म्हणून मळ मऊ होतो. पाणीच नसेल तर उलटं होतं. मोठा ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. बाकी तुमचं वडिलांचं वाचून काळजी वाटली. दाखवून घ्या.

जुनी सिस्टर:
ताई, दुर्बिणीच्या तपासणीच्या विभागात मी १९ वर्षं काम केलं. तुमच्यासारख्या कितीतरी बायका उशिरा आलेल्या पाहिल्यात, म्हणून स्पष्ट लिहिते.

भाकरी, मटकी सोडू नका, ते चांगलंच आहे. कुंथणं थांबलं की मूळव्याधीचं रक्त बऱ्याचदा थांबतं. पण फायबरने बद्धकोष्ठ जातं, रक्त कुठून येतं ते कळत नाही. आतड्यातल्या गाठीचं रक्तही मधे मधे थांबतं. म्हणजे तुमच्या दीड महिन्यावरून काहीच ठरत नाही.

लालभडक आणि वरून पडणारं रक्त बहुधा गुदद्वाराजवळचं असतं. काळपट आणि मिसळलेलं आतड्याच्या वरच्या भागातून येत असण्याची शक्यता जास्त. दुखत नाही यावर तर अजिबात विसंबू नका. गुदद्वाराला चीर पडली तर जीव जाईल इतकं दुखतं, आतली मूळव्याध आणि गाठ दोन्ही गुपचूप असतात.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, चाळिशीतच करायला सांगतात, रक्त दिसलं नसलं तरी. तुम्हाला तर रक्तही दिसलंय. हिमोग्लोबिनही बघून घ्या.

लाजेचं म्हणाल तर डाव्या कुशीवर झोपवतात, अंगावर चादर असते, गुंगीचं इंजेक्शन देतात. बाई सर्जन हव्यात असं फोनवरच विचारा, तेवढा हक्क आहे तुमचा. तपासणीआधी काही दिवस मात्र भाकरी, मटकी, पेरू बंद करायला लावतील. पेरूच्या बिया आतड्यात राहिल्या की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. रक्त भळाभळा आलं, चक्कर आली, किंवा डांबरासारखी काळी संडास झाली तर तारखेची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

सुईदोरा:
सिस्टर, काल सोलापूरला जाऊन आले. बाई सर्जन मिळाल्या. बोटाने तपासलं, बाहेर मूळव्याध आहे म्हणाल्या, पण वडिलांचं ऐकल्याबरोबर पेन खाली ठेवला आणि शुक्रवारची दुर्बीण लिहून दिली. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, कमीच. मला वाटत होतं दम जिन्यामुळे लागतो.

आजपासून पेरू बंद, मऊ भात आणि ताक. धाकटा भाऊ ४४चा आहे पुण्यात, त्यालाही तपासणी लागेल म्हणाल्या. आत्ताच त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मलाही दोनदा दिसलंय, सांगितलं नव्हतं कुणाला."