आठवड्यातून दोनदा मासे: बडोद्यात हा सल्ला कुणाच्या कामाचा?

दांडियाबाजारकर

कोलेस्टेरॉल जरा वर गेलं की डॉक्टर गोळीबरोबर हेही सांगतात, ‘आठवड्यातून दोनदा मासे खा.’ अमेरिकन हार्ट असोसिएशनही तेच म्हणते: दोन वेळा, दर वेळी शिजवलेला साधारण ८५ ग्रॅम, आणि शक्यतो तेलकट मासा. यातला ‘तेलकट’ हा शब्द बडोद्यात पोहोचेपर्यंत गळून पडतो. आपल्याकडे मासे म्हणजे रविवारचं पापलेट, रव्यात घोळवून खरपूस तळलेलं. मी सीकेपी घरातला, पापलेटाबद्दल वाकडं बोलताना जीभ अडखळते. पण हृदयासाठी ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांचं कौतुक चालतं, ती, म्हणजे ईपीए आणि डीएचए, भरपूर मिळतात बांगडा-तारलीत. पापलेट त्यांच्या बरंच मागे. बोंबील तर बहुतांशी पाणीच.

इथे मात्र बांगडा ‘वास मारतो’ म्हणून कुणी पाहुण्यांपुढे ठेवत नाही. माझं मत सरळ आहे: औषध म्हणून मासे खायचे तर स्वस्तातला बांगडा घ्या, तिखलं करा, तळू नका. पापलेट खायचं तर चवीसाठी खा, हृदयाचं नाव पुढे करू नका.

जवसाची_चटणी

असहमत, मुळापासूनच. आमच्या घरात कुणी मासा शिवला नाही आणि आजी-आजोबा नव्वदीपार गेले. जवस, अक्रोड यांत ओमेगा-३ आहेच की. शिवाय बडोद्याला समुद्र कुठे आहे? मासा येतो वेरावळ-पोरबंदरहून, बर्फात. वाटेत बर्फ किती वेळा वितळला हे कोण सांगणार? २०१८ मध्ये गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या संशयावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतो ना? तो तर समुद्राकाठचा प्रदेश.

मांदेली

@जवसाची_चटणी, ताई, आजी-आजोबांना नमस्कार, पण दोन माणसांवरून आहारशास्त्र ठरत नाही. जवसात असतं एएलए, म्हणजे ओमेगा-३चाच वेगळा प्रकार. शरीर त्यापासून ईपीए बनवतं, पण फार थोडं, आणि डीएचए त्याहूनही कमी. वाटीभर चटणी खाल्ली तरी बांगड्याची बरोबरी होत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तर जवसात नाहीच.

बर्फाचा मुद्दा मात्र पटला, आणि तो फॉर्मेलिनपेक्षा मोठा आहे. बांगडा, ट्यूना असे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, आणि घरचे म्हणतात ‘मासा बाधला’. शिजवल्याने ते जात नाही. तेव्हा डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं, एवढं बघा. नसेल तसा तर त्या दिवशी डाळभात.

आकडेमोड्या

तुम्ही दोघीही फायदा गृहीत धरून भांडताय. १९८९ मध्ये वेल्समधला एक अभ्यास आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी ज्यांना तेलकट मासा खायला सांगितलं, त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्क्यांनी कमी. जगभर टाळ्या. पुढे त्याच संशोधकांनी अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असलेल्या ३,११४ पुरुषांवर तसाच प्रयोग केला, निष्कर्ष २००३ मध्ये आले, आणि फायदा गायब. ते मात्र कुणी सांगत नाही. मग २०१८ चा ‘व्हायटल’ नावाचा अमेरिकेतला मोठा अभ्यास: २५,८७१ लोक, रोज एक ग्रॅम ओमेगा-३ची गोळी, आणि झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित आकड्यात म्हणावा असा फरक नाही.

दांडियाबाजारकर

@आकडेमोड्या, गोळी आणि मासा एक कसे? गोळी जेवणावर वरून घेतली जाते. मासा ताटात आला की दुसरं काहीतरी ताटातून जातं. मंगळवारी रात्री लारीवरच्या तर्रीदार सेव-उसळीऐवजी घरी बांगडा-भात झाला, तर ओमेगा-३ बाजूला ठेवा, तेल, मीठ आणि पाव कमी झाले हा फायदा उरतोच. आणि ‘व्हायटल’चं अर्धंच सांगितलंत. जे मासे कमी खात होते, त्यांच्यात गोळीचा उपयोग दिसला. बडोदेकर त्याच गटात बसतात.

आकडेमोड्या

तो उपगट. मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की उपगटांत काही ना काही सापडतंच. सेव-उसळीचा मुद्दा मान्य, पण मग मुगाची खिचडी खाल्ली तरी तेच होईल.

रावपुऱ्याची_मावशी

‘नियमित’ या शब्दावर कुणी का बोलत नाही? पावसाळ्यात जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पुढे श्रावण, मग गणपती, मग नवरात्र. वर्षातले चार महिने असेच गेले. तेव्हा उरते उकाई धरणाकडची, गोड्या पाण्यातली रोहू-कटला. प्रथिनं उत्तम, पण त्यात ओमेगा-३ बांगड्याइतकं नाही. मग घरोघरी सुकट आणि खारा बांगडा निघतो, त्यातलं मीठ रक्तदाबवाल्यांनी कुठे ठेवायचं? माझ्या ह्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं. तारली-बांगडा खाल्ला की अंगठा सुजतो. ‘सगळ्यांनी खा’ हे मला पटत नाही.

आणि गरोदर मुलींना कुणी ‘मासे बंद’ सांगत असेल तर तेही चूक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, पाऱ्याचं प्रमाण कमी असलेले मासे. मुशीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे टाळायचे, कारण लहान माशांतला पारा त्यांच्या अंगात साठत जातो. तुमच्या नावातली मांदेली चालेल.

जवसाची_चटणी

आणि मासे-दूध? चरकसंहितेत ते विरुद्ध आहार म्हणून सांगितलंय.

मांदेली

सांगितलंय, आणि ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. पण त्याने कोड होतं हे खरं नाही. कोडात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते. नारळाच्या दुधाचा प्रश्न तर येतच नाही, तेव्हा कालवण करा.

ताई, तुम्हाला मासा नकोच असेल तर शैवालाच्या तेलाची कॅप्सूल मिळते. मासासुद्धा डीएचए बहुतेक अन्नातूनच मिळवतो, आणि त्याचं मूळ असतं शैवाल. तुम्ही मधला दलाल वगळा.

जवसाची_चटणी

हे चालेल. बी-१२ही तपासून घेते. बांगडा तुम्हालाच लखलाभ.

आकडेमोड्या

म्हणजे २५,८७१ लोकांत जी गोळी चालली नाही, तीच आता हिरव्या झाकणाच्या बाटलीत?

मांदेली

ताईंचं हृदय ठणठणीत आहे, आजी-आजोबांची साक्ष वर दिलीच आहे. मी डीएचए कुठून मिळेल ते सांगितलं, आयुष्य वाढेल असं कुठे म्हटलं?