इंजिनिअरिंगच्या मुलाला एक्झिक्युटिव्ह फंक्शन कोचिंग लावावं का?

कोथरूडची_आई: मुलगा सेकंड इयरला, होस्टेलवर. हुशार आहे हो पण सबमिशन आदल्या रात्री, फॉर्मची तारीख हुकलेली, बारावीपर्यंत क्लासवाले आणि आम्हीच सगळं लावून द्यायचो. हे कोचिंग महाग आहे, उपयोग होतो की नुसतं फॅड?

रातकिडा: काकू फॅड नाही. एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणजे काम ठरवून पार पाडायची क्षमता. हे कोच विषय नाही शिकवत, काम सुरू कसं करायचं, तुकडे कसे पाडायचे, वेळेचा अंदाज, हे बसवून घेतात आणि दर आठवड्याला विचारतात झालं का. पण कोच त्यालाच निवडू द्या, तुम्ही लावलात तर अजून एक क्लास!

सायकोवाली: फी भरण्याआधी बघा, कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) लागते. लहानपणापासून असंच असेल तर आधी एडीएचडीची (लक्ष टिकवणं, कामं लक्षात ठेवणं मुळातच अवघड जातं ती स्थिती) तपासणी करा.

बॅकलॉग_किंग: मी फुकटात करतो, मित्राला व्हिडिओ कॉल लावून दोघं गप्प आपापलं प्रॅक्टिकलचं जर्नल लिहितो. 'जेवून आलो की पहिली आकृती' असं ठरवलं की होतं, 'उद्या बघू' म्हटलं की गेलं.

कोथरूडची_आई: एडीएचडी डोक्यातच नव्हतं, चौथीपासून डबा विसरतोय हा. विचारते त्याला.