जुन्या कौलारू घरात एसीसाठी वेगळी लाइन – सल्ला हवा

चौसोपी:
गुहागरजवळ आमचं जुनं चिरेबंदी घर, वर कौलं. वायरिंग 1986 चं, लाकडी पट्टीवर, अल्युमिनियमची तार. आईला उकाडा सोसत नाही, म्हणून मेच्या आत तिच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवायचाय. मीटरपासून खोली 60 फूट. एसी सोडून बजेट 15 हजार. नुसती एक लाइन ओढून भागेल का? अर्थिंग आहे की नाही तेच कळत नाही. सॉकेटला तिसरं भोक आहे, त्यामागे काय आहे देव जाणे.

माडवाला:
अख्खं घर बदला. आम्ही केलं, 85 हजार गेले, पण झोप लागते. मॉड्युलर स्विच सगळीकडे, गोठ्यातसुद्धा.

चौसोपी:
गोठा नाही आमच्याकडे. बजेट 15.

मालवणी_खाजा:
आमी असाच केला. जुन्या तारेक नवी जोडली, वायरमन म्हणालो 'काय होणा नाय'. महिन्यात बोर्ड काळो पडलो.

गुंतागुंत:
होणारच. तांबं अल्युमिनियमला पिळून जोडलं की सांधा सैल होतो, तापतो आणि तिथेच जळतं. दीड टनाचा एसी साधारण 7-8 अँपिअर घेतो. मीटरपासून थेट 4 स्क्वेअर एमएम तांब्याची अखंड वायर आणा, तेवढीच न्यूट्रल, सोबत अर्थिंगची हिरवी. 20 अँपिअरचा एमसीबी वेगळा, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच; तो सी कर्व्हचा, एसी सुरू होतानाचा झटका सोसणारा. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी तार जळू देत नाही, शॉक लागला तर तो काही करत नाही. महावितरणकडचा मंजूर भार किती आहे तो बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

माडवाला:
4 बरोबर. मी 6 घातली.

खारा_वारा:
वायरिंगचं सोडा हो, कौलांतून गारवा राहणार कसा? आणि बाहेरचं युनिट समुद्राकडे नको. आमची कॉइल दोन पावसाळ्यांत गळली.

चौसोपी:
खोलीवर फळ्यांचा माळा आहे.

खारा_वारा:
फळ्यांना फटी असतातच.

माडवाला:
पत्र्यापेक्षा कौल शंभर पटीने बरं.

खारा_वारा:
पत्र्याचं कोण बोललं?

कातळकर:
अर्थिंगचं कोणी नीट सांगत नाहीये. जांभ्यात खड्डा खणायला घाम निघतो आणि एप्रिलमध्ये तो कोरडा ठणठणीत, मग असून नसून सारखाच. मोरीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे खणा. बारमाही ओल असते.

खारा_वारा:
आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 170. जाड वायर घाला म्हणजे सुधारेल.

गुंतागुंत:
नाही. डीपीवरूनच, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, 170 येत असेल तर घरातली वायर कितीही जाड करा. स्टॅबिलायझर लागेल.

माडवाला:
अख्खं बदला, मी पहिल्यापासून सांगतोय.

चौसोपी:
झालं काम. आई म्हणाली दीड टनाचं वारं मला बाधेल, म्हणून एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. वायरमनकडे अडीच स्क्वेअर एमएमचं बंडल शिल्लक होतं, तेच ओढलं, मीटरपासून थेट, एमसीबी 16 चा. आरसीसीबी या लाइनपुरता. अर्थिंग केळीत. बाकी घर पट्टीवरच. 13,400 झाले.

मालवणी_खाजा:
चार सांगला तर अडीच घातलंस! मगे इचारलंस कित्याक?

माडवाला:
गोठ्यातल्या स्विचचा फोटो टाकू का?